पाडणे आणि मरणे : जपानी भूमिकाखेळांतील लढाईचा नैतिक विचार

१

प्रत्येक कथनप्रकारात एखादी क्रिया अशी असते की तिचे समर्थन देण्याची गरज त्या प्रकाराला वाटत नाही. रहस्यकथेत पहिल्याच प्रकरणात प्रेत सापडते आणि वाचक त्या मृताबद्दल शोक करीत बसत नाही. तो खुणा शोधू लागतो. याला वाचकाची निष्ठुरता म्हणता येत नाही. त्या प्रकाराशी त्याने केलेल्या अलिखित कराराचे ते एक कलम असते. जपानमध्ये १९८०च्या दशकात रूढ झालेल्या आणि 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने जगभर पसरलेल्या भूमिकाखेळांत हे स्थान लढाईला आहे. नायक माळरानावरून चालत असतो, पडदा क्षणभर लखलखतो, एक विचित्र प्राणी समोर उभा राहतो. खेळाडू यादीतून एक आज्ञा निवडतो, प्राणी पडतो, काही आकडे वाढतात आणि नायक पुन्हा चालू लागतो. एक खेळ पूर्ण होईपर्यंत हे शेकडो वेळा घडते. इतक्या वेळा, इतक्या निर्विकारपणे केलेल्या क्रियेला काही नैतिक अर्थ असतो काय, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न आज विचारण्यास एक बाह्य निमित्तही आहे. 'फायनल फँटसी' मालिकेतील पहिले सहा खेळ २०२१ व २०२२ या वर्षांत नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाले. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग २०२४मध्ये आणि पहिले दोन भाग २०२५मध्ये नव्याने घडवले गेले. एखादा प्रकार ऐन भरात असताना त्याचे संकेत दिसत नाहीत, कारण ते निसर्गनियमांसारखे वाटतात. प्रकार जुना झाला की तेच संकेत संकेत म्हणून डोळ्यांत भरतात. समीक्षेला हा काळ अनुकूल असतो.

प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले असे की हा खेळ आहे, आणि खेळाच्या रिंगणात केलेल्या क्रियेचा हिशेब रिंगणाबाहेर मागता येत नाही. योहान हाइझिंगाने 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळाचे जे वर्णन केले आहे, त्यात स्थळकाळाची वेगळी मर्यादा आणि त्या मर्यादेत चालणारे स्वतःचे नियम ही खेळाची मुख्य लक्षणे ठरतात. मात्र ज्या महाभारतातील द्यूताचा हाइझिंगाही दाखला घेतो, तेच द्यूत या उत्तराची मर्यादा उघड करते. फासे नियमाप्रमाणे पडले, पण लावले गेले ते समग्र आयुष्य होते. द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्न नियम पाळले गेले की नाहीत एवढ्यावर थांबत नाही. नियमाने जे घडले ते धर्म्य आहे काय, इथवर तो पोहोचतो. नियमबद्धता आणि निर्दोषता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या सभेत कोणालाही खोडून काढता आले नाही.

दुसरे उत्तर आरोपाचे आहे : असे खेळ हिंसेची सवय लावतात, संवेदना बोथट करतात. या आरोपात चित्रित विषयाकडे पाहिले जाते, रूपाकडे नाही. ज्या लढाईत रक्त दिसत नाही, शस्त्र अंगाला लागतानाही दिसत नाही, फक्त एक आकृती लुकलुकून नाहीशी होते आणि एक वाक्य उमटते, तिला हिंसेचे चित्रण म्हणावे की हिंसेची केवळ नोंद, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. दोन्ही उत्तरे घाईची आहेत, कारण दोन्हींत लढाईच्या घाटाकडे कोणी पाहिलेले नाही.

२

हा घाट जपानी भूमीवर शून्यातून निर्माण झालेला नाही. कागद, फासे आणि संभाषण यांवर चालणाऱ्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या अमेरिकी खेळाचे मूळ युद्धपटाच्या खेळांत आहे. तेथून 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन संगणकीय खेळ १९८१मध्ये आले. युजी होरी यांनी या दोन्हींचा धागा उचलून २७ मे १९८६ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये एक साधे, स्वच्छ रूप बसवले. आकिरा तोरियामा यांनी रेखाटलेले प्राणी आणि कोइची सुगियामा यांचे संगीत हे त्या रूपाचे अविभाज्य भाग ठरले. पहिल्या भागात लढाई एकास एक होती आणि पर्याय मोजके होते : लढणे, मंत्र, वस्तू, पळणे. सर्वांत दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम, निळ्या थेंबासारखा, हसऱ्या तोंडाचा. तो पाडला की अनुभवाचा एक गुण मिळतो आणि सात गुण झाले की नायक दुसऱ्या पातळीवर जातो.

येथे भाषेकडे लक्ष देणे उपयुक्त आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये शत्रूचा शेवट सांगणारे क्रियापद 'ताओसु' हे आहे. त्याचा अर्थ पाडणे, लोळवणे, हरवणे. मारणे हा अर्थ त्यात बसू शकतो, पण तो बंधनकारक नाही. उलट नायकाचा किंवा त्याच्या सोबत्याचा शेवट झाला की क्रियापद बदलते : तेथे 'शिनु', म्हणजे मरणे, येते. शत्रू पाडले जातात, आपले लोक मरतात. प्रत्यक्षात मात्र उलट आहे. पाडलेला शत्रू कायमचा जातो. मेलेला नायक राजासमोर पुन्हा उभा राहतो, अर्धे सोने गमावतो आणि कमावलेला अनुभव जसाच्या तसा बाळगून पुढच्या प्रवासाला निघतो. ज्याच्यासाठी मरणाचा शब्द वापरला तो परत येतो आणि ज्याच्यासाठी तो वापरायचे टाळले तो येत नाही. ही विसंगती लेखकाच्या अनवधानातून आलेली नाही. खेळ चालू राहण्यासाठी नायकाचे मरण उलटवता यावे लागते, आणि खेळ सुखावह राहण्यासाठी शत्रूचे मरण उच्चारता येऊ नये लागते. रूपाच्या दोन गरजांनी व्याकरण घडवले आहे.

जपानी युद्धकथेच्या परंपरेत याच्या नेमके उलट टोक सापडते. 'हेइके मोनोगातारी'त इचिनोतानीच्या लढाईत (११८४) कुमागाइ नाओझाने शत्रूला खाली पाडतो आणि त्याचे शिरस्त्राण मागे सारतो, तेव्हा त्याला स्वतःच्या मुलाच्या वयाचा एक तरुण दिसतो. पाडणे आणि मारणे यांच्यामध्ये तेथे एक क्षण उघडतो. आपलेच सैनिक जवळ येत असल्याने कुमागाइला तो क्षण पेलता येत नाही. तो आत्सुमोरीचा वध करतो, आणि परंपरेनुसार पुढे संन्यास घेतो. त्या कथेची सारी नैतिक शक्ती 'पाडले' आणि 'मारले' या दोन क्रियापदांमधील अंतरात आहे. भूमिकाखेळाने हे अंतर पुसून टाकले आणि दोन्हींच्या जागी एकच संदिग्ध शब्द ठेवला.

पण संदिग्ध शब्दात दुसरी शक्यताही शिल्लक राहते. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या पाचव्या भागात (१९९२) लढाई संपल्यावर पाडलेला एखादा प्राणी उठून उभा राहतो आणि सोबत येण्याची इच्छा दाखवतो. सहा वर्षे वापरलेल्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ तेथे अचानक खरा ठरतो. जो पाडला होता तो मेलेला नव्हता. खेळाडूला आनंद होतो. आणि त्याच आनंदाच्या पोटात एक अस्वस्थ करणारा प्रश्नही असतो. जे उठले नाहीत त्यांचे काय झाले होते?

३

लढाईतून मिळणाऱ्या गुणांना जपानीत 'केइकेन्ची', म्हणजे अनुभवाचे मूल्य, म्हणतात. 'अनुभव' ही संज्ञा मराठी समीक्षेला अपरिचित नाही. नवसमीक्षेच्या काळापासून अनुभवाची अनन्यता, त्याची संघटना, त्याची सच्चाई यांवर येथे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चर्चेत अनुभवाचे मुख्य लक्षण हे मानले गेले की तो मोजता येत नाही आणि एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. भूमिकाखेळातील अनुभव बरोबर याच्या विरुद्ध आहे. सातवा स्लाइम पहिल्यासारखाच असतो. तसा असतो म्हणूनच बेरीज होऊ शकते. जे अनन्य नाही त्याचाच संचय करता येतो.

हा अनुभव मुख्यतः लढाईतून यावा हेही अपरिहार्य नव्हते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे बरेचसे गुण खजिना हाती लागल्याबद्दल मिळत. राक्षसाला टाळून, फसवून खजिना आणणे हाही शहाणपणाचा मार्ग होता. संगणकीय खेळांत लढाई हा गुणांचा प्रधान स्रोत झाला, कारण यंत्राला लढाई मोजणे सोपे होते आणि फसवणुकीची कल्पकता मोजणे अवघड. एका तांत्रिक सोयीचे हळूहळू जीवनदृष्टीसारख्या दिसणाऱ्या गोष्टीत रूपांतर झाले : वाढ म्हणजे इतरांना पाडण्याचा संचय.

या समीकरणाला पहिला तडा 'फायनल फँटसी'च्या दुसऱ्या भागाने (१९८८) दिला. आकितोशी कावाझु यांच्या रचनेत अनुभवाचे गुण काढून टाकले होते. तलवार वापरली तर तलवारीचे कौशल्य वाढे, मंत्र म्हटला तर मंत्र वाढे, आणि मार खाल्ला तर जीवनशक्ती वाढे. तत्त्वतः ही रचना अधिक मानवी होती : जो जे करतो तो ते होतो, आणि सोसण्यातूनही माणूस वाढतो. व्यवहारात वेगळेच घडले. जीवनशक्ती लवकर वाढावी म्हणून खेळाडू आपल्याच सोबत्यांवर वार करू लागले. सोसण्याला मूल्य देणारा नियम सोबत्याला मारण्याचा सोयीस्कर मार्ग ठरला.

हा प्रसंग केवळ मौजेचा नाही. नैतिक आशय नियमात लिहून ठेवता येतो या समजुतीला तो उत्तर देतो. नियम कोणते वर्तन फळाला येते एवढेच ठरवतो. ते वर्तन कोणत्या हेतूने व्हावे हे त्याला ठरवता येत नाही. सोसण्यातून येणारी वाढ मोजता येऊ लागली की सोसणे हे साधन होते, आणि साधन झालेल्या सोसण्यात सोसण्यासारखे काही उरत नाही. म्हणून लढाईच्या घाटातील नैतिकतेचा शोध नियमांच्या चांगुलपणात घेता येणार नाही. तो जेथे नियम आणि कथन एकमेकांशी विसंवादी होतात तेथे घ्यावा लागेल.

४

असा विसंवाद सर्वांत विचारपूर्वक 'फायनल फँटसी'च्या चौथ्या भागात (१९९१) घडवलेला दिसतो. या खेळाची तांत्रिक ओळख हिरोयुकी इतो यांनी योजलेल्या लढाईच्या नव्या पद्धतीमुळे आहे. तोपर्यंत लढाई बुद्धिबळासारखी होती : खेळाडू कितीही वेळ विचार करो, शत्रू थांबून राही. येथे काळ वाहू लागला. प्रत्येक पात्राची पाळी ठरावीक वेळाने भरत येते, आणि खेळाडू विचार करीत राहिला तर शत्रू वार करून मोकळा होतो. थांबणे महाग झाले, घाई हा गुण झाला.

आता कथन पाहावे. नायक सेसिल हा बॅरन राज्याच्या हवाई दलाचा सेनानी आहे. राजाज्ञेवरून मिसिडिया या शहरातील निरपराध लोकांना मारून तेथील स्फटिक आणला आहे. परतताना सैनिकांचे मन खात आहे आणि सेसिलचेही. या सुरुवातीतल्या लढाया यंत्र स्वतःच चालवते, खेळाडूच्या हाती काही नसते. राजाला प्रश्न विचारल्याबद्दल सेसिलचे पद जाते आणि मित्र केन याच्यासह त्याला एक अंगठी मिस्ट नावाच्या खेड्यात पोहोचवण्याचे काम मिळते. वाटेतल्या गुहेत धुक्याचा एक ड्रॅगन आडवा येतो. ही पहिली मोठी लढत आहे आणि तिचा चतुरपणा असा की ड्रॅगन मध्येच विरून धुके होतो. त्या अवस्थेत वार केला तर उलट जबर तडाखा बसतो. तो पुन्हा आकार धरेपर्यंत थांबावे लागते. घाई शिकवणाऱ्या पद्धतीतला पहिला महत्त्वाचा धडा थांबण्याचा आहे. खेळाडू तो शिकतो, ड्रॅगन पडतो, गुण मिळतात.

खेड्यात पोहोचल्यावर अंगठीतून आग बाहेर पडते आणि खेडे जळते. एक लहान मुलगी, रिडिया, आपल्या आईच्या प्रेताशेजारी उभी आहे. आईने बोलावलेला ड्रॅगन मारला गेला म्हणून आई मेली. गुहेतील लढत आणि हे प्रेत यांचा संबंध सेसिलला कळतो, त्याच क्षणी खेळाडूलाही कळतो.

या प्रसंगाचे सामर्थ्य त्यातील दुःखद घटनेत जेवढे आहे त्याहून अधिक त्याच्या स्थानात आहे. सांगितलेल्या कथनात आणि खेळलेल्या लढाईत या प्रकाराने एक भिंत उभी केली होती : कथनात पात्रे मरतात, लढाईत शत्रू पडतात. मिस्टमध्ये ती भिंत गळते. लढाईत पाडलेला एक प्राणी कथनातील एका व्यक्तीचा मृत्यू ठरतो. 'ताओसु' या संदिग्ध शब्दाचा अर्थ एका ठिकाणी पक्का होतो आणि तो खेळाडूने स्वतः, थोड्या अभिमानाने, हाताने केलेल्या कृतीला लागू होतो. वाचलेल्या कथेत नायकाच्या अपराधाचा वाचक साक्षी असतो; येथे तो सहकर्ता आहे.

तरीही यास अपराध म्हणावे काय? सेसिलला ड्रॅगन कोणाचा हे ठाऊक नव्हते, खेळाडूलाही नव्हते. सेसिल राजाची आज्ञा पाळत होता; खेळाडू खेळाची. ड्रॅगनला टाळून पुढे जाण्याची वाट नव्हती. अज्ञान, आज्ञा आणि अगतिकता या तिन्ही सबबी येथे दोघांनाही समान उपलब्ध आहेत, आणि सेसिल त्यांपैकी एकही वापरत नाही. हेतूने केलेला अपराध आणि आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचे उत्तरदायित्व यांत तो फरक करतो. पहिला त्याच्याकडे नाही. दुसरे तो स्वीकारतो, आणि पुढे त्याच मुलीला बॅरनच्या सैनिकांपासून वाचवतो. खेळाडूपुढे त्यामुळे एक नमुना येतो. आपण दोषी नाही एवढे सिद्ध झाल्याने आपले काम संपत नाही.

याच कृतीत या विचाराचा दुसरा टप्पा आहे. सेसिलचे शस्त्र काळोखाचे आहे. मूळ जपानी आवृत्तीत त्याची खास शक्ती वापरताना त्याची स्वतःचीच जीवनशक्ती खर्च होते. परीक्षेच्या पर्वतावर त्याला आपल्याच काळ्या रूपाशी सामना करावा लागतो, आणि तलवार न उचलता तग धरणे हीच त्या लढाईतील विजयाची वाट आहे. धुक्यातील ड्रॅगनपुढे थांबणे ही युक्ती होती. येथे थांबणे हा संयम आहे. बाह्यतः कृती एकच, पण पहिलीत वाट पाहणे मारण्यासाठी होते आणि दुसरीत न मारण्यासाठी. या लढाईनंतर सेसिलचे परिवर्तन होते आणि त्याची पातळी पुन्हा एकवर येते. कमावलेला सारा 'अनुभव' पुसला जातो. नैतिक बदलाची किंमत म्हणून संचय रिकामा व्हावा लागतो, ही गोष्ट येथे संवादाने सांगितलेली नाही. ती आकड्याने केली आहे. या प्रकारात एवढा नेमका अलंकार क्वचितच सापडेल.

५

भिंत दुसऱ्या बाजूनेही गळू शकते. 'फायनल फँटसी'त पुढे लढाईत पडलेल्या सोबत्याच्या अवस्थेला 'सेन्तो फुनो', म्हणजे लढण्यास असमर्थ, असे नाव मिळाले. फिनिक्सच्या पिसाने ती अवस्था दूर होते. मृत्यू हा शब्द अशा रीतीने आपल्या बाजूनेही टाळला गेला. मग कथनात एखादा सोबती खरोखर मेला तर पिसाचे काय? हा प्रश्न खेळाडू नेहमी थट्टेने विचारतात, पण तो या प्रकारातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

पाचव्या भागाने (१९९२) त्याला उत्तर देण्याचे धाडस केले. वृद्ध योद्धा गालुफ हा आपल्या नातीला, क्रुरु हिला, वाचवण्यासाठी एक्सडेथशी एकटा लढतो. त्याची जीवनशक्ती शून्यावर येते, आणि तो पडत नाही. शून्यावर असताना लढत राहतो. आकड्याचा नियम मोडला जातो आणि तो मोडला गेल्याचे खेळाडूला डोळ्यांदेखत दिसते. लढाई संपल्यावर तो कोसळतो. सोबती धावत येतात आणि त्याच्यावर तेच उपाय करतात जे खेळाडूने आजवर असंख्य वेळा केले आहेत : बरे करणारे मंत्र, उठवणारे मंत्र, पीस. काहीही चालत नाही. त्याची कौशल्ये नातीकडे जातात. तो जात राहतो.

सातव्या भागातील (१९९७) एरिथचा मृत्यू अधिक प्रसिद्ध आहे. तेथे तिचे संगीत पुढच्या लढाईवरही वाजत राहते, आणि एरवी लढाईच्या आरंभी बदलणारा सूर बदलत नाही; कथनातील शोक लढाईच्या हद्दीत शिरतो. परंतु पीस का वापरले नाही याचे उत्तर ती कृती देत नाही, विचारतही नाही. गालुफच्या प्रसंगाचे मोल यात आहे की तो प्रकाराची सबब दडवत नाही. लढाईतील मृत्यू आणि खरा मृत्यू ही दोन निराळी नाणी आहेत, एकाने दुसरे विकत घेता येत नाही, हे तो खेळाच्याच साहित्याने दाखवून देतो. परतवता येणाऱ्या मरणांच्या गर्दीत न परतवता येणारे एक मरण ठेवले की पहिल्यांचे हलकेपण उघडे पडते. आणि मग साहजिकच दुसरीकडेही नजर जाते : शत्रूंसाठी तर पीस कधीच नव्हते.

६

येथवर ज्या कृतींचा विचार झाला त्यांत संकेत कायम आहे आणि एखाद्या ठिकाणी तो गळतो. दुसरा मार्ग संकेतच बदलण्याचा आहे. शिगेसातो इतोई यांच्या 'मदर'मध्ये (१९८९) हरलेले शत्रू मरत नाहीत. ते शांत होतात, भानावर येतात. अंतिम शत्रूला शस्त्राने हरवता येत नाही, तेथे गाणे गावे लागते; दुसऱ्या भागात (१९९४) प्रार्थना करावी लागते, आणि शेवटची प्रार्थना खुद्द खेळाडूपर्यंत, त्याच्या नावाने, पोहोचते. याच दुसऱ्या भागात फार दुबळे शत्रू नायकाला पाहून पळ काढतात आणि गाठ पडलीच तर लढाईचा पडदा न उघडता विजय मिळतो. जेथे निकाल आधीच ठरलेला आहे तेथे लढाईचा देखावा नको, हा त्यामागचा प्रामाणिकपणा आहे.

'शिन मेगामी टेन्सेई'ने (१९९२) शत्रूशी बोलण्याची सोय केली. समोरच्याला धमकावता येते, लाच देता येते, मनवता येते आणि आपल्या बाजूला घेता येते. मात्र संवाद आला म्हणून नैतिकता आली असे होत नाही. सोबत आलेल्या दोघांचे विलीनीकरण करून तिसरा अधिक बलवान सोबती तयार करता येतो. मैत्री हा कच्चा माल होतो. या मालिकेत विष्णू, शिव, काली यांच्यासह अनेक धर्मांतील देवता 'आकुमा', म्हणजे राक्षस, या एकाच वर्गात येतात. भारतीय वाचकाला यातील नावांची सरमिसळ आधी खटकेल. पण अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की येथे कोणीही पूज्य नाही आणि कोणीही वध्य नाही. सारे वाटाघाटीला उपलब्ध आहेत.

संकेताविरुद्ध उघड फिर्याद 'मून' (१९९७) या खेळाने मांडली. त्यात खेळाडू एका भूमिकाखेळाच्या आत ओढला जातो आणि तेथे 'नायका'ने मारलेल्या प्राण्यांचे आत्मे सोडवत फिरतो. त्याची पातळी वाढते ती प्रेमाने. अमेरिकी रचनाकार टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'मध्ये (२०१५) कोणालाही न मारता शेवट गाठता येतो, आणि अनुभव व पातळी यांची परिचित इंग्रजी लघुरूपे ही वास्तविक वधाची व हिंसेची मोजमापे होती असे अखेरीस उघड होते. या दोन्ही कृती मर्मभेदी आहेत. पण त्यांनी जुन्या खेळांवर मागे वळून जो आरोप केला असे मानले जाते, त्याबाबत एक आक्षेप संभवतो. जे करणे शक्य नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही, हे कान्टच्या नावाशी जोडले जाणारे तत्त्व येथे लागू करावे लागेल. 'अंडरटेल'चा खेळाडू मारतो तेव्हा न मारण्याचा, फळ देणारा पर्याय त्याच्यापुढे असतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या खेळाडूपुढे तो होता काय?

उत्तर वाटते तितके सरळ नाही. पळण्याची आज्ञा पहिल्या भागापासून यादीत होती. कोणत्याही एका स्लाइमला जीवदान देता येत होते. अशक्य होते ते सर्वांना जीवदान देणे, कारण पातळी वाढल्याशिवाय पुढचा प्रदेश ओलांडता येत नव्हता. प्रत्येक कृती सुटी घेतली तर ऐच्छिक, आणि सर्व मिळून अनिवार्य, अशी ही रचना आहे. ज्या खेळाने दयेला मनाई केली नाही, फक्त तिची नोंद ठेवली नाही, त्याचा दोष कोणावर ठेवायचा? एकेका निवडीचा विचार करणाऱ्या नीतिशास्त्राला हा प्रश्न चिमटीत धरता येत नाही. आणि हा प्रश्न खेळापुरता मर्यादितही नाही. प्रत्येक व्यवहार टाळता येण्याजोगा आणि संपूर्ण व्यवस्था मात्र टाळता न येणारी, ही स्थिती आधुनिक माणसाच्या जगण्याची ओळखीची स्थिती आहे. व्यक्तिगत अपराधाची भाषा तेथे अपुरी पडते आणि निर्दोषतेची भाषा खोटी ठरते.

'क्रोनो ट्रिगर'मध्ये (१९९५) याचे एक तिरकस प्रतिबिंब दिसते. जत्रेत दुसऱ्याचा डबा खाल्ला का, धडकलेल्या मुलीची विचारपूस आधी केली की तिचे पडलेले लोलक आधी उचलले, अशा क्षुल्लक कृतींची साक्ष नायकावर चाललेल्या खटल्यात काढली जाते. जंगलात पाडलेल्या प्राण्यांबद्दल न्यायासन एक शब्दही काढत नाही. आणि निकाल काहीही लागला तरी नायक तुरुंगातच जातो. कोणत्या कृतींची नोंद ठेवायची हे व्यवस्था ठरवते. ज्यांची नोंद नाही त्या घडल्या नव्हत्या असे मात्र होत नाही.

७

आता नव्या आवृत्त्यांकडे. 'फायनल फँटसी'च्या नव्या रूपांत २०२३पासून अकस्मात होणाऱ्या गाठी बंद करण्याची आणि अनुभवाचे गुण चौपटीपर्यंत वाढवण्याची सोय मिळाली. आजच्या व्यग्र वाचकाने जुना ग्रंथ चाळत पुढे जावे, तशी ही सोय आहे आणि तीत निंद्य काही नाही. पण तिचा अर्थ तपासला पाहिजे. गाठी बंद करणारा खेळाडू शेकडो प्राण्यांना जीवदान देतो. तरी हे जीवदान कोणी दया म्हणणार नाही, कारण त्याने कोणाला सोडलेले नाही, भेटणेच टाळले आहे. चौपट गुण घेणारा एकाला पाडून चौघांचे फळ घेतो. दोन्ही सोयी लढाईला अडथळा मानतात आणि कथनाला सार. मिस्टच्या प्रसंगाने दाखवले ते याच्या उलट होते. मोठ्या लढती या सोयीने वगळल्या जात नाहीत, ड्रॅगन आजही पाडावाच लागतो. परंतु त्याच्याआधीच्या नगण्य लढायांनी पाडण्याची जी निर्विकार सवय लावली होती, तिच्याशिवाय तो धक्का अर्धा राहतो. सवय ज्याला लागली नाही त्याला सवय मोडल्याचे कळणार कसे?

म्हणून या जुन्या लढायांच्या पुनरावृत्तीला निव्वळ कालबाह्य कंटाळा म्हणून निकालात काढता येत नाही. त्या पुनरावृत्तीतच खेळाडूच्या विवेकाचे झोपणे घडते, आणि चांगल्या कृती त्या झोपेचा उपयोग जागे करण्यासाठी करतात. ज्या कृती तसे करीत नाहीत त्या केवळ झोप देतात. त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचा बचाव करण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र साऱ्यांना समान आहे. पाळीच्या लढाईत समोरच्याची पाळी येतेच. त्याला बोलू दिले नाही तरी वार करू द्यावा लागतो, आणि तो वार होईपर्यंत थांबावे लागते. हे थांबणे म्हणजे दया नव्हे, आदरही नव्हे. समोर कोणी एक आहे आणि काळ आपल्या एकट्याचा नाही, एवढीच कबुली त्यात आहे. कुमागाइला जो क्षण रणभूमीवर मिळाला आणि पुरला नाही, तो हा प्रकार प्रत्येक फेरीत यांत्रिकपणे देतो. त्या क्षणात पाहायचे काय, हे यंत्र सांगत नाही. सेसिल दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने तलवार खाली ठेवली. पहिल्यांदा थांबला तेव्हा ड्रॅगन पुन्हा आकार धरण्याची वाट पाहत होता.